मुंबई सिटी : दहा वर्षे आणि मैदानांची शोधाशोध

मुंबई सिटी फुटबॉल क्लबची स्थापना ३० ऑगस्ट २०१४ रोजी झाली आणि ऑक्टोबरमध्ये संघ इंडियन सुपर लीगच्या पहिल्याच मोसमात उतरला. मालकांत अभिनेते रणबीर कपूर आणि सनदी लेखापाल बिमल पारेख होते. प्रशिक्षक होते इंग्लंडचे पीटर रीड. खेळाडूंच्या यादीत निकोला आनेल्का आणि फ्रेडी युंगबर्ग ही युरोपात गाजलेली नावे होती. संघाचे नाव मुंबईचे आणि मैदान मात्र खाडीपलीकडे, नवी मुंबईत, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये. पुढच्या दहा वर्षांत हा संघ नेरूळहून अंधेरीला गेला, महामारीत गोव्याला गेला, आशियाई स्पर्धेसाठी पुण्याला गेला, एका रात्रीपुरता पुन्हा नेरूळला आला आणि दर वेळी अंधेरीला परतला. करंडकांची गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. संघामागे फिरलेल्या प्रेक्षकांची गोष्ट फारशी कोणी लिहिलेली नाही. या लेखात मुख्यतः तीच सांगायची आहे.

मी हिंगोलीचा. आमच्याकडे मैदान म्हटले की रामलीला मैदान. दसऱ्याला तिथे प्रदर्शन भरते, रावणदहन होते, सबंध जिल्हा लोटतो. हिंगोलीच्या माणसाने मुंबईच्या फुटबॉल संघाचा इतिहास लिहावा याचे कोणाला नवल वाटेल, म्हणून एक जुना धागा सांगतो. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईतला रोव्हर्स करंडक हैदराबाद सिटी पोलीस संघाने जिंकला. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. याच रहीमसाहेबांच्या हाताखाली भारत १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि १९६२मध्ये जकार्ताच्या आशियाई खेळांत सुवर्णपदकापर्यंत पोहोचला. हैदराबाद पोलिसांच्या त्या पाचही विजयांच्या वेळी हिंगोली परभणी जिल्ह्यात आणि परभणी हैदराबाद राज्यात होती. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यपुनर्रचना झाली आणि आम्ही मुंबई राज्यात आलो. म्हणजे मुंबईच्या मैदानावर मुंबईकरांना हरवून करंडक नेणारा तो संघ त्या काळी आमच्या राज्याचा होता. आता आम्ही मुंबईच्या संघासाठी घसा कोरडा करतो.

रोव्हर्स करंडकाचे घर म्हणजे कूपरेज. मंत्रालयापासून चालत जाण्याइतक्या अंतरावरच्या या छोट्या मैदानाने मुंबईचा फुटबॉल जन्मभर सांभाळला. १९११मध्ये स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनचा कारभार इथला. कॅल्टेक्स, टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्रा, एअर इंडिया, मध्य रेल्वे, आरसीएफ हे सगळे संघ इथे खेळले. मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारणारे नेव्हिल डिसोझा मुंबईचेच. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू. कामावरून सुटलेला माणूस चर्चगेटला लोकल धरण्याआधी कूपरेजवर तास-दीड तास थांबू शकत होता, आणि या एका सोयीवर मुंबईच्या फुटबॉलचा प्रेक्षक कित्येक दशके टिकून राहिला. महिंद्रा युनायटेडने २००५-०६मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली तेव्हाही त्यांचे घर कूपरेजच होते. २०१०मध्ये महिंद्राने संघ बंद केला आणि मुंबईचा मान राखण्याची जबाबदारी एअर इंडियावर आणि २००७मध्ये जन्मलेल्या मुंबई एफसीवर आली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत कूपरेजचे काम निघाले. कृत्रिम हिरवळ बसवायची होती, गॅलऱ्या सुधारायच्या होत्या. २०११-१२च्या मोसमात मुंबई एफसी आणि एअर इंडिया या दोन्ही संघांचे घरचे सामने पुण्याला, बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडानगरीत गेले. १९९४च्या राष्ट्रीय खेळांसाठी उभारलेले ते संकुल देखणे आहे, त्याविषयी तक्रार नाही. पण मुंबईच्या माणसाला घरचा सामना पाहण्यासाठी द्रुतगती महामार्गाने घाट चढून जावे लागू लागले. बालेवाडी हे पुणे एफसीचेही घर. त्यामुळे मुंबई एफसी आणि पुणे एफसी यांचा सामना यजमान म्हणून मुंबईच्या नावावर असला तरी गॅलरीत पुणेकरच जास्त. जो सामना शहराच्या अभिमानाचा, तोच परक्या गॅलरीसमोर खेळायचा, हे मुंबई एफसीच्या वाट्याला आले.

मुंबई एफसीचे पाठीराखे संख्येने मोजके होते, पण कडवे होते. पिवळ्या कपड्यांतली ‘यलो ब्रिगेड’ ढोल घेऊन जायची. ज्यांना रविवारी सुट्टी आणि खिशात बसभाडे होते ते पुण्यापर्यंत जात राहिले. बाकीचे हळूहळू गळाले. यात त्यांचा दोष मी धरत नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारचा सामना बालेवाडीत असेल तर लोअर परळमध्ये नोकरी करणाऱ्याने काय करायचे? शाळकरी पोराला एकट्याने कोण सोडणार? कूपरेजवर बापाबरोबर येणारी मुले त्या वर्षांत मोठी झाली आणि त्यांच्या सवयीत संघ बसलाच नाही. खेळाच्या कार्यालयात तिकिटांचा हिशेब ठेवतात, त्यात ही तूट कधी दिसत नाही.

२०१४-१५च्या मोसमात, म्हणजे २०१५च्या जानेवारीत, मुंबई एफसी कूपरेजवर परतली. नवी हिरवळ आणि नीटनेटक्या गॅलऱ्या संघाची वाट पाहत होत्या. प्रेक्षक मात्र पुन्हा जमवावा लागणार होता, आणि तेवढ्या अवधीत शहरात चकाकणाऱ्या सुपर लीगचा दुसरा संघ येऊन बसला होता. वर्षानुवर्षे मुंबई एफसी सांभाळणारे प्रशिक्षक खालिद जमील यांना २०१६मध्ये जावे लागले. ते मिझोरमच्या ऐझॉल एफसीकडे गेले आणि पहिल्याच मोसमात, २०१६-१७मध्ये, मुंबई एफसीही खेळत होती ती आय-लीग जिंकून दाखवली. त्याच मोसमात मुंबई एफसी तळाला जाऊन खालच्या श्रेणीत ढकलली गेली आणि २०१७मध्ये संघाचे कामकाज थांबले. (खालिद जमील २०२५मध्ये भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले.) मुंबई एफसी बंद पडण्यामागे कारणे अनेक असतील. पण पुण्यात काढलेल्या त्या मोसमांनी संघाचा मुंबईतला पाया खचवला, याविषयी मला शंका नाही.

याच सुमारास शहराच्या दुसऱ्या लाडक्या खेळावरही हाच प्रसंग आला होता आणि तो किती वेगळा निभावला गेला ते पाहण्यासारखे आहे. २०११च्या क्रिकेट विश्वचषकासाठी वानखेडे स्टेडियम पाडून नव्याने बांधले जात होते. सामने कुठे गेले? काही मिनिटांच्या चालीवर, ब्रेबर्नवर. डिसेंबर २००९मध्ये श्रीलंकेविरुद्धची कसोटी ब्रेबर्नला झाली. १९७३नंतर तिथे झालेली ती पहिलीच कसोटी, आणि वीरेंद्र सेहवागने त्यात २९३ धावा काढल्या. २०१०च्या आयपीएलमध्ये मुंबई इंडियन्स ब्रेबर्नवर खेळले. प्रेक्षकाचे स्टेशन तेच राहिले, चर्चगेट. चहावाला तोच, परतीची लोकल तीच. वानखेडे उघडले तेव्हा माणूस रस्ता ओलांडून परत आला. क्रिकेटकडे पैसा आणि दुसरे मैदान होते, फुटबॉलकडे दोन्हींची वानवा, हे खरेच. तरी फुटबॉलचा पर्याय शोधताना प्रेक्षकाच्या लोकलचा विचार कोणी केल्याचे दिसत नाही.

आता मुंबई सिटीकडे वळतो. डी. वाय. पाटील स्टेडियम २००८मध्ये उघडले. भव्य आहे, मध्ये एकही खांब नाही, कुठूनही दृष्टी अडत नाही, आणि २००८चा पहिलावहिला आयपीएल अंतिम सामना तिथलाच. १८ ऑक्टोबर २०१४ला मुंबई सिटीने तिथे एफसी पुणे सिटीला ५-० असे धुतले. आंद्रे मोरित्झने तीन गोल मारले आणि सुपर लीगमधली ती पहिली हॅटट्रिक ठरली. पुढच्या वर्षी नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्धच्या ५-१ विजयात सुनील छेत्रीने हॅटट्रिक केली, या लीगमधली भारतीय खेळाडूची पहिली. आठवणी म्हणाल तर नेरूळने भरभरून दिल्या.

अडचण होती ती मैदानाच्या घडणीत आणि वाटेत. क्रिकेटसाठी बांधलेल्या गोलाकार मैदानात फुटबॉलचे आयत मध्यभागी आखले की चारही बाजूंना हिरवी पोकळी उरते. गोलमागे बसलेल्या माणसाला चेंडू जाळ्यात गेल्याचे आधी आवाजावरून कळते. पन्नास हजारांच्या आसपास आसनांत दहा-बारा हजार माणसे विखुरली की घोषणा एका टोकाला सुरू व्हायची आणि दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत विरायची. आणि वाट! अंधेरी-बोरिवलीकडचा माणूस आधी पश्चिम रेल्वे, मग हार्बर असा गाड्या बदलत नेरूळ किंवा जुईनगरला उतरायचा. सामना रात्री संपायचा. पंच्याऐंशीव्या मिनिटाला घड्याळ बघत उठणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांना खेळ आवडत नव्हता असे नाही, परतीची गाडी चुकवणे त्यांना परवडत नव्हते.

२०१७मध्ये भारतात सतरा वर्षांखालील मुलांचा फिफा विश्वचषक होणार होता. देशातली सहा मैदाने निवडली गेली आणि त्यांची डागडुजी सुरू झाली. नवी मुंबईचे डी. वाय. पाटील त्यांतले एक. २०१६च्या मोसमासाठी मुंबई सिटीने मुक्काम हलवला तो अंधेरी पश्चिमेला, वीरा देसाई मार्गावरच्या महापालिकेच्या शहाजी राजे भोसले क्रीडा संकुलात. जुन्या मुंबईकरांना हे संकुल वेगळ्याच कारणाने आठवते. १ नोव्हेंबर १९९६ला मायकल जॅक्सनचा कार्यक्रम इथे झाला होता. फुटबॉलसाठी त्याचा फारसा उपयोग त्यानंतर कित्येक वर्षे झाला नव्हता. आता फुटबॉलच्या आयताभोवती गॅलऱ्या आवळून घेतल्या, प्रकाशझोत लावले आणि ‘मुंबई फुटबॉल अरेना’ असे नाव दिले. ३ सप्टेंबर २०१६ला भारताने इथे पोर्तो रिकोला ४-१ असे हरवले. मुंबईत आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना होत होता तो ६१ वर्षांनी.

आसने जेमतेम सात-आठ हजार. पन्नास हजारांच्या मैदानातून इतक्या लहान जागी जायचे म्हणजे संघाची पत उतरली असे अनेकांना वाटले. नवी मुंबई, ठाणे, कल्याणकडच्या पाठीराख्यांची तक्रार रास्त होती, कारण दोन वर्षे त्यांच्या दारात असलेला संघ उचलून उपनगराच्या दुसऱ्या टोकाला नेला होता. तिकिटे थोडी, म्हणजे ती आयत्या वेळी मिळणार नाहीत. कोणत्याही स्थलांतरात कोणाचे तरी अंतर वाढतेच. नेरूळची जी मुले पहिल्या दोन मोसमांत या संघाची झाली, त्यांच्या वाट्याला हे आले आणि त्यांतली काही नंतर दिसेनाशी झाली, याची नोंद या इतिहासात व्हायला हवी.

पण अंधेरीचे मैदान पहिल्या मोसमातच रंगले. मेट्रोचे आझाद नगर स्टेशन चालण्याच्या टप्प्यात. २०१४च्या जूनमध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली होती, त्यामुळे मध्य रेल्वेचा माणूसही घाटकोपरला गाडी बदलून सरळ येऊ लागला. सामन्याच्या संध्याकाळी आझाद नगरच्या जिन्यावरून निळे शर्ट उतरताना दिसत आणि ऑफिसातून परतणारे वाटेत थांबून विचारत, आज काय आहे? त्यांच्यातला एखादा पुढच्या सामन्याला तिकीट काढून यायचा. आत गेले की खेळाडू हाकेच्या अंतरावर. बाजूरेषेवर थ्रो घ्यायला आलेल्या खेळाडूला गॅलरीतला माणूस नावाने हाक मारतो आणि त्याला ती ऐकू जाते. बचावपटू एकमेकांवर ओरडतात ते शब्द पहिल्या रांगेत कळतात. चेंडूला बसलेल्या लाथेचा दणका छातीत जाणवतो. ‘वेस्ट कोस्ट ब्रिगेड’ या पाठीराख्यांच्या गटाला नेरूळच्या पोकळीत जे साधत नव्हते ते इथे आपोआप साधू लागले. ढोलाचा ठेका एका कोपऱ्यात धरला की सगळ्या गॅलऱ्या त्यात येत.

संघानेही साथ दिली. कोस्टा रिकाचे अलेक्झांडर गिमारेस प्रशिक्षक आणि उरुग्वेचा दिएगो फोर्लान कप्तान. १९ नोव्हेंबर २०१६ला केरला ब्लास्टर्सविरुद्ध फोर्लानने हॅटट्रिक केली, मुंबईने ५-० असा सामना मारला. २०१०च्या विश्वचषकात सर्वोत्तम ठरलेला खेळाडू अंधेरी पश्चिमेला, इमारतींच्या गराड्यातल्या एका पालिकेच्या मैदानावर, काही हजार माणसांच्या पुढ्यात तीन गोल मारतो, हे दृश्य ज्यांनी पाहिले ते अजून सांगतात. साखळीत मुंबई सिटी पहिली आली. तोवर संघ कधी उपांत्य फेरीतही गेला नव्हता.

उपांत्य फेरीत गाठ पडली कोलकात्याच्या ॲटलेटिको संघाशी. आणि इथे इतिहासातला एक मोठा योगायोग आहे, ज्याकडे त्या वेळी फारसे कोणी लक्ष दिले नाही. कोलकात्याचे सॉल्ट लेक स्टेडियमही सतरा वर्षांखालील मुलांच्या त्याच विश्वचषकासाठी दुरुस्तीला बंद होते. त्यामुळे कोलकात्याचा संघ त्या मोसमात रवींद्र सरोवर स्टेडियममध्ये खेळत होता. म्हणजे दोन्ही यजमान संघ आपापल्या मोठ्या मैदानांबाहेर, आपापल्या शहरातल्या लहान जागी. १० डिसेंबरला कोलकात्यात ते ३-२ असे जिंकले. १३ डिसेंबरला अंधेरीत ०-० बरोबरी झाली. मुंबई बाहेर पडली आणि पुढे कोलकात्याने करंडकही उचलला. त्या रात्री अंधेरीत माणसे शेवटच्या शिट्टीपर्यंत जागेवर होती. संघ हरला आणि मैदान आपले झाले, असे त्या रात्रीविषयी म्हणता येईल.

विश्वचषक झाला, डी. वाय. पाटीलवर २५ ऑक्टोबर २०१७ला स्पेन आणि माली यांचा उपांत्य सामना थाटात पार पडला. मोठे मैदान पुन्हा मोकळे होते. मुंबई सिटी मात्र अंधेरीतच राहिली. एका मोसमासाठी शोधलेली जागा कायमची झाली. क्लबच्या दहा वर्षांतल्या सगळ्या निर्णयांत मला हा सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

इतरत्र काय झाले तेही थोडक्यात सांगतो. गोव्यात फातोर्ड्याचे स्टेडियम जानेवारी २०१४च्या लुसोफोनिया खेळांसाठी नव्याने सजत होते तेव्हा गोव्याच्या क्लबांना म्हापशाच्या दुलेर मैदानाचा आधार मिळाला. राज्य लहान, त्यामुळे माणसे तुटली नाहीत. लंडनच्या टॉटनहॅमने १४ मे २०१७ला जुन्या व्हाइट हार्ट लेनवर शेवटचा सामना खेळला आणि नवे स्टेडियम ३ एप्रिल २०१९ला उघडेपर्यंत घरचे सामने वेम्बलीत काढले. १० फेब्रुवारी २०१८ला आर्सेनलविरुद्ध तिथे ८३,२२२ माणसे आली, हा प्रीमियर लीगचा विक्रम. पण साध्या सामन्यांना वेम्बलीत रिकामी आसने दिसू लागली आणि जुने पाठीराखे गल्लीतल्या मैदानासाठी झुरत राहिले. बार्सिलोना २०२३मध्ये कँप नू सोडून मॉन्जुइकच्या टेकडीवरच्या १९९२च्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये गेले, तर वर्षानुवर्षांच्या हजारो सभासदांनी तिथला पासच घेतला नाही. टेकडी चढायची, वर धावपट्टीपलीकडून सामना पाहायचा, हे त्यांना मानवले नाही. जगातल्या बलाढ्य क्लबांनाही प्रेक्षकाची वाट मोडली की फटका बसतो.

अंधेरीच्या मैदानाने क्लबपलीकडेही एक काम केले. १ जून २०१८ला भारत आणि चायनीज तैपेई यांचा सामना तिथे झाला. भारत ५-० जिंकला, सुनील छेत्रीने तीन गोल मारले, आणि प्रेक्षक होते २,५६९. दुसऱ्या दिवशी छेत्रीने एक चित्रफीत प्रसारित केली. आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात या, अशी ती कळकळीची विनंती होती. ४ जूनला केनियाविरुद्धचा सामना त्याचा शंभरावा होता. तिकिटे संपली. धो धो पावसात मैदान तुडुंब भरले आणि भारत ३-० जिंकला. पन्नास हजारांच्या स्टेडियममध्ये तीच माणसे हरवून गेली असती. अंधेरीत त्यांनी छप्पर डोक्यावर घेतले.

महामारी आली आणि २०२०-२१ व २०२१-२२ हे दोन्ही मोसम गोव्यात, बहुतांशी रिकाम्या गॅलऱ्यांपुढे झाले. फातोर्डा, वास्को, बांबोळी अशी तीन मैदाने. दैव असे की मुंबई सिटीचे सोन्याचे दिवस नेमके तेव्हाच आले. २०१९मध्ये सिटी फुटबॉल ग्रुप मुख्य भागधारक झाला होता. प्रशिक्षक सर्खिओ लोबेरा. २८ फेब्रुवारी २०२१ला साखळीच्या शेवटच्या दिवशी एटीके मोहन बागानला २-० हरवून साखळीत पहिल्या येणाऱ्या संघाची लीग शील्ड, आणि १३ मार्चला फातोर्ड्यावर त्याच संघाविरुद्ध ९०व्या मिनिटाला बिपिन सिंगचा गोल, २-१, करंडकही. एकाच मोसमात दोन्ही मिळवणारा हा लीगमधला पहिला संघ. सात वर्षे वाट पाहिलेल्या माणसांनी हा क्षण घरी मोबाइलच्या पडद्यावर पाहिला. मुंबईत राहणारा आणि हिंगोलीत राहणारा पाठीराखा त्या एका मोसमात संघापासून सारख्याच अंतरावर होता. एरवी आम्हाला मैदान पाचशे किलोमीटरहून दूर. त्या वर्षी ते सगळ्यांनाच बंद होते, आणि मैदानाविना सामना पाहण्याचे आमचे नेहमीचे दुःख मुंबईकरांनाही कळले.

एप्रिल २०२२मध्ये रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ असे हरवून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा मुंबई सिटी हा पहिला भारतीय क्लब ठरला. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये अंधेरीची दारे प्रेक्षकांसाठी उघडली आणि डेस बकिंगहॅम यांच्या संघाने तो मोसम असा गाजवला की साखळीत सलग १८ सामने हार माहीत नव्हती. लीग शील्ड पुन्हा आली. आता ती मिरवायला प्रेक्षक होते.

त्या यशानेच पुढचे स्थलांतर घडवले. २०२३-२४च्या आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये घरचे सामने खेळायचे तर आशियाई महासंघाचे निकष पाळणारे मैदान हवे, आणि अंधेरीचे छोटे मैदान त्यात बसत नव्हते. पर्याय निघाला, पुन्हा बालेवाडी. १८ सप्टेंबर २०२३ला इराणच्या नसाजी माझंदरानविरुद्ध संघ तिथे ०-२ असा हरला. मुंबई एफसीच्या काळात जे जुने पाठीराखे त्या रस्त्याने गेले होते त्यांच्यापैकी काही आता निळ्या शर्टात पुन्हा त्याच फलाटावर, त्याच बसमध्ये होते. सौदीचा अल-हिलाल संघ येणार म्हटल्यावर सामना डी. वाय. पाटीलला घेतला. नेमार त्यांच्या संघात होता, पण ऑक्टोबरमध्ये ब्राझीलकडून खेळताना त्याचा गुडघा जायबंदी झाला आणि तो आलाच नाही. ६ नोव्हेंबरच्या त्या रात्री नेरूळचे मैदान गजबजले. संघ ०-२ हरला तरी शेवटपर्यंत लढला. २०१४ आणि २०१५च्या मोसमांतली नेरूळची मुले, आता मोठी झालेली, कित्येक वर्षांनी आपल्या जुन्या गॅलरीत बसली असतील. एका रात्रीपुरता का होईना, संघ त्यांच्या दारी परत आला होता.

४ मे २०२४ला सॉल्ट लेकवर, दुरुस्त होऊन कधीचे उघडलेल्या त्याच भव्य मैदानात, मुंबई सिटीने मोहन बागानला ३-१ असे नमवून दुसऱ्यांदा करंडक जिंकला. प्रशिक्षक पेत्र क्रात्की. समोर सगळी गॅलरी कोलकात्याची होती. मुंबईहून गेलेली मूठभर माणसे एका कोपऱ्यात होती.

पहिल्या दशकाचा हिशेब असा : दोन करंडक, दोन लीग शील्ड, आणि एक मैदान जे तात्पुरते म्हणून घेतले आणि घर झाले. या मैदानालाही आता वय होत चालले आहे. आशियाई निकषांसाठी किंवा साध्या डागडुजीसाठी ते कधी ना कधी बंद करावे लागणारच. त्या दिवसासाठी क्लबला, महापालिकेला आणि फुटबॉल संघटनेला या पानावरून विनंती आहे. काम काढण्याआधी ते कधी संपणार याची तारीख पाठीराख्यांना जाहीरपणे सांगा. पर्यायी मैदान निवडताना आसनांच्या संख्येआधी शेवटच्या लोकलची वेळ बघा. कूपरेज हाताशी असताना संघाला पुन्हा घाटापलीकडे पाठवू नका. ज्यांना त्या काळात येणे जमणार नाही त्यांचा पास पुढच्या मोसमापर्यंत राखून ठेवा. आणि हिंगोली, परभणी, नांदेडकडून वर्षातून एखाद्या सामन्याला येणाऱ्यांसाठी वेळापत्रक निदान महिनाभर आधी लावा, म्हणजे आम्हाला गाडीचे आरक्षण काढता येईल.